विद्यापीठाचा विज्ञान महोत्सव कुटुंबांसाठी खुला करताना

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागात शिकवता. गेल्या वर्षी तुमच्याकडे चाळीस टेबलांचे प्रदर्शन झाले, ते मुख्यतः इतर महाविद्यालयांसाठी होते. यंदा ते २८ फेब्रुवारीला आसपासच्या कुटुंबांसाठी आणि सर्व नागरिकांसाठी खुले करायचे ठरले आहे आणि व्यवस्थापनाला किमान तीन हजार लोक यावेत असे वाटते. प्रयोग कोणते ठेवावेत, भाषा कोणती असावी, प्रवेशमूल्य घ्यावे का आणि संशोधनात गुंतलेल्या सहकाऱ्यांना यात कसे आणावे, हे तुम्ही विचारले आहे. गेल्या वर्षी विद्यार्थी पाठ केलेले म्हणून दाखवत राहिले, मुले पुढच्या टेबलाकडे पळत राहिली आणि आईवडील मागे उभे राहून फोटो काढत राहिले, अशी खंतही तुम्ही लिहिली आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात अशा महोत्सवांच्या आखणीत अनेक वर्षे काम करत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे तुम्ही शेवटी लिहिलेल्या खंतीत दडलेली आहेत, असे मला वाटते. प्रयोगांच्या याद्या कुठेही मिळतात आणि चांगल्या प्रयोगशाळेला त्यांची वानवा नसते. अडचण असते ती टेबलाच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे एकमेकांशी काय बोलणार याची. म्हणून आखणीच्या पहिल्या बैठकीत ‘आपण काय दाखवायचे’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नका. त्याऐवजी ‘आईवडील, आजी आणि दोन मुले असे एक कुटुंब या टेबलाशी आले, तर पुढची आठ मिनिटे ते काय करणार आहे’ हा प्रश्न प्रत्येक गटाला विचारा. ज्या गटाला याचे उत्तर ‘ते ऐकतील’ एवढेच देता येते, त्याचे टेबल अजून तयार झालेले नाही असे समजा.

पुढे जे लिहितो आहे त्यातले काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. कॉलेज उंच इमारतीत असेल तर लिफ्टच्या रांगेतच निम्मा वेळ जातो आणि तेव्हा तळमजला व आवार यांवरच भर द्यावा लागतो. ऐसपैस मैदान असेल तर मांडवाचा आणि विजेचा खर्च वाढतो, पण गर्दी आपोआप पांगते. स्वयंसेवक पन्नास आहेत की दीडशे, यावर तर सगळाच आराखडा बदलतो. त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका, त्यांमागचा हिशेब घ्या.

तारखेपासून सुरुवात करू, कारण तिथेच पहिली अडचण आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रकाशाच्या विकिरणाबाबतचा शोध जाहीर केला आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. दिवसाचे महत्त्व वादातीत आहे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण याच दिवशी लोकांसाठी खुली होते आणि जुन्नर-नारायणगाव परिसरातल्या गावांमधून माणसे ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेनांच्या पायथ्याशी उभी राहून शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. पण आपल्या शहरी कुटुंबांच्या दृष्टीने फेब्रुवारीचा शेवट अवघड असतो. बारावीची परीक्षा सुरू असते, दहावीची सुरू झालेली किंवा तोंडावर आलेली असते, आणि ज्या घरात यांपैकी एक परीक्षार्थी आहे त्या घरातले धाकटे भावंडही बाहेर पडत नाही. शिवाय तुमची इमारत परीक्षा केंद्र असेल तर वर्गच हाती लागणार नाहीत. माझा सल्ला असा की विज्ञान दिनी विद्यापीठात व्याख्यान ठेवा आणि कुटुंबांचा महोत्सव जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी घ्या. शनिवार शाळांच्या सहलींना द्या आणि रविवार कुटुंबांना. हे दोन गट एका दिवशी एकत्र आणू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. दोन बसभर मुले रांगेने आली की टेबलाभोवतीचे दोन-चार जणांचे संभाषण तिथेच संपते आणि लहान मुलाला कडेवर घेऊन आलेली आई दारातूनच परत फिरते.

रविवार म्हटला की मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद ठेवणे, आलाच. ट्रान्स-हार्बर किंवा हार्बर मार्गावर ब्लॉक असेल तर ऐन दुपारी ठाण्याहून किंवा पनवेलहून येणारे लोक अडकतात. रेल्वेची घोषणा एक-दोन दिवस आधी होते, त्यामुळे शुक्रवार-शनिवारी ती पाहून नोंदणी केलेल्या सर्वांना बसचे पर्याय कळवण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवा. काम छोटे आहे, पण ते राहिले तर बाकीची मेहनत स्टेशनवरच संपते.

आता तीन हजारांच्या आकड्याविषयी. लग्नघरी किती पंगती उठणार हे आचाऱ्याला आधी सांगावे लागते, तसा हा हिशेब व्यवस्थापनापुढे कागदावर मांडा. जिथे लोक बसून स्वतःच्या हाताने काही करतात, अशा टेबलाशी एका वेळी दोन कुटुंबे बसतात असे धरू. एका फेरीला आठ मिनिटे लागली, तर तासाला सात फेऱ्या म्हणजे चौदा कुटुंबे होतात. अशी पंधरा टेबले असतील तर तासाला २१० आणि पाच तासांत १,०५० बैठका होतात. एका कुटुंबाने सहा टेबलांशी बसावे अशी अपेक्षा ठेवली तर १७५ कुटुंबांना, म्हणजे चौघांचे कुटुंब धरून सुमारे सातशे माणसांना, तुम्ही खऱ्या अर्थाने सामावून घेऊ शकता. तीन हजार लोक याच पंधरा टेबलांवर आले तर प्रत्येकाच्या वाट्याला धक्काबुक्की येईल. टेबले चाळीस करून हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रत्येक टेबलाला आळीपाळीने काम करणारे चार तयार स्वयंसेवक लागतात. पंधरा टेबलांना साठ आणि प्रवेशद्वार, मार्गदर्शन, पाणी, प्रथमोपचार यांना आणखी वीस, असे ऐंशी विद्यार्थी चांगले तयार करणे हेच एका विभागाच्या आवाक्यातले काम असते.

मग तीन हजारांचे काय करायचे? त्यासाठी महोत्सवाचे दोन भाग करा. मोकळ्या आवारात अशा गोष्टी ठेवा ज्या एका वेळी शे-दीडशे लोक पाहू शकतात: दर तासाला वीस मिनिटांचे मंचावरचे प्रयोग, सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून दाखवणारी दुर्बीण, भूगर्भशास्त्र विभागाचे दगड आणि खनिजे. इथे कोणीही, केव्हाही यावे. प्रयोगशाळा आणि बसायची टेबले यांसाठी मात्र आधी नोंदणी आणि दीड-दोन तासांची ठरलेली वेळ ठेवा, आणि जागा शिल्लक राहिल्या तर त्या आवारातल्या लोकांना द्या. आकडाही गाठला जातो आणि आतले काम शांतपणे चालते. प्रवेशमूल्य घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाच्या फाटकातून आत जायला आपल्याला परवानगी आहे की नाही, अशी शंका ज्यांच्या मनात असते, त्यांच्यासाठीच तर हे दार उघडायचे आहे, आणि वीस रुपयांचे तिकीटही त्यांना थांबवायला पुरते.

टेबलावर काय ठेवावे, याची माझी कसोटी साधी आहे. त्यात घरच्या मोठ्यांना आधीपासून ठाऊक असलेले काहीतरी असावे आणि लहानांना स्वतः करता येईल असे काहीतरी असावे. उदाहरणार्थ, तुरटी. काचेच्या दोन उभ्या भांड्यांत गढूळ पाणी घ्यायचे, एकात चिमूटभर तुरटीची पूड टाकून हलक्या हाताने ढवळायचे आणि दुसरे तसेच ठेवायचे. पूड टाकण्यापूर्वी मुलांना ‘काय होईल’ असे विचारायचे आणि त्यांचे उत्तर कागदावर लिहायला लावायचे. पाणी संथ व्हायला लागले की पहिल्या भांड्यात मातीचे कापसासारखे पुंजके दिसू लागतात आणि हळूहळू तळाशी बसतात. तोवर मागे उभी असलेली आजी बहुधा पुढे येते आणि पावसाळ्यात हंड्यात तुरटी कशी फिरवायची हे नातवाला सांगू लागते. स्वयंसेवकाने इथे गप्प राहायचे असते, कारण त्या घटकेला टेबलावरची जाणती व्यक्ती आजी आहे. मग मातीच्या बारीक कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात, तुरटीतले ॲल्युमिनियम तो भार निष्प्रभ करते आणि त्यामुळे कण एकत्र येऊन जड होतात, हे चार वाक्यांत सांगायचे. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: ‘हे पाणी आता पिता येईल का?’ बहुतेक जण हो म्हणतात. नितळ पाण्यातही जंतू असू शकतात, म्हणून पुढे गाळणे आणि क्लोरीन देणे आवश्यक असते, हे सांगून मोरबे धरणापासून भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आपल्या नळापर्यंत पाणी कसे येते, याचा नकाशा पुढे ठेवायचा. आठ मिनिटांत रसायनशास्त्र, घरातला अनुभव आणि शहराची व्यवस्था एका धाग्यात येते, आणि खर्च नगण्य असतो.

दुसरे उदाहरण केळ्यातून डीएनए वेगळे करण्याचे. पिकलेले केळे मीठ घातलेल्या पाण्यात कुस्करायचे, त्यात भांडी घासण्याचा द्रवसाबण थोडा मिसळायचा, मिश्रण पातळ कापडातून गाळायचे आणि काचेच्या नळीत घेऊन वरून अगदी थंड स्पिरिट नळीच्या कडेने सोडायचे. दोन थरांच्या मधोमध पांढरट, चिकट धागे वर येऊ लागतात. साबणाने पेशींची स्निग्ध आवरणे फुटतात आणि थंड स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही म्हणून ते बाहेर पडते, एवढे कारण पुरे. परंतु ‘हे पाहा डीएनए’ असे म्हणून थांबणे योग्य नाही. त्या धाग्यांत प्रथिने आणि फळातले पेक्टिनही मिसळलेले असते, आणि हे सांगितले तरच मुलांना पुढचा प्रश्न सुचतो की मग शास्त्रज्ञ ते शुद्ध कसे करतात. तिथे तुमच्या जैवतंत्रज्ञान विभागातली संशोधक विद्यार्थिनी बसलेली असेल तर तिला आपल्या रोजच्या कामापर्यंत पोहोचायला एक पाऊल पुरते. स्पिरिट ज्वलनशील असल्याने ते मोठ्यांच्याच हाती ठेवावे आणि आसपास कुठलीही ज्योत असू नये.

नवी मुंबईत असल्याचा एक मोठा फायदा तुम्हाला आहे आणि तो सोडू नका. ठाणे खाडी तुमच्या दारात आहे, २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी इथे येतात हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण ते गुलाबी का होतात, याचे उत्तर खाडीच्या चिखलात आणि पाण्यात आहे हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. खाडीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातली शैवाले आणि बारीक जीव दाखवा. याच खाद्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पक्ष्यांच्या पिसांत उतरतात. शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून चित्र पडद्यावर घ्या, कारण लहान मूल भिंगात एक डोळा लावून पाहू शकत नाही आणि आपल्याला काही दिसले नाही हे सांगायलाही लाजते. या टेबलाशी दिवाळे किंवा सारसोळे यांसारख्या गावांतल्या एखाद्या कोळी कुटुंबाला सन्मानाने बोलवा. पूर्वी कोणती मासळी कुठे मिळत असे आणि आता काय मिळते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही, आणि तुमच्या प्राणिशास्त्र विभागालाही त्यातून शिकायला मिळेल. खारफुटीची पाने किंवा रोपे मात्र तोडून आणू नका. ती संरक्षित आहे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाला किंवा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला विनंती केलीत तर योग्य मार्गाने साहित्य आणि माणूस दोन्ही मिळण्याची शक्यता असते.

आपल्या हवेचा एक तोटाही लक्षात घ्यावा लागतो. स्थितिक विजेचे प्रयोग, म्हणजे केस उभे करणारे व्हॅन डी ग्राफ यंत्र किंवा कंगव्याला चिकटणारे कागदाचे कपटे, खाडीकाठच्या दमट सकाळी दगा देतात. पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि विद्युतभार निसटून जातो. हे प्रयोग दुपारी, वातानुकूलित खोलीत ठेवा, आधी हेअर ड्रायरने साहित्य कोरडे करा आणि तरीही न जमल्यास ‘का जमले नाही’ हाच विषय करा. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांनी या यंत्राजवळ येऊ नये, अशी पाटी मोठ्या अक्षरांत हवी.

स्वयंसेवकांच्या तयारीवर मी सर्वांत जास्त वेळ खर्च करतो. विद्यार्थी पाठ केलेले का बोलतात, याचा विचार केला तर त्यांचा दोष फारसा दिसत नाही. चुकण्याची भीती असते, परीक्षक येऊन गुण देतील ही सवय असते, आणि प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही असे दिसणे, असा समज असतो. म्हणून आधी बक्षिसे आणि परीक्षक दोन्ही रद्द करा. मग तालमी घ्या, आणि त्या एकमेकांसमोर घेऊ नका. सुरक्षारक्षक, कार्यालयातले कर्मचारी, प्राध्यापकांची मुले, कॅन्टीनमधले लोक यांना टेबलाशी बसवा आणि विद्यार्थ्याला त्यांच्याशी बोलू द्या. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘तरंगलांबी’ हा शब्द न वापरता रंगांविषयी बोलताना जी धडपड करावी लागते, तीच त्याची खरी तयारी असते.

त्यांना माझ्या सूचना मोजक्याच असतात. सुरुवात प्रश्नाने करावी आणि तो प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर चुकण्याची लाज वाटणार नाही. ‘न्यूटनचा तिसरा नियम कोणता’ असे कोणालाही विचारू नये, पण ‘यातले कोणते आधी खाली पोहोचेल असे वाटते’ हे जरूर विचारावे. आधी अंदाज, मग कृती आणि शेवटी कारण, हा क्रम मोडू नये. प्रश्न विचारल्यावर थांबावे. पाच सेकंद शांतता राहिली की विद्यार्थी घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि त्याच क्षणी समोरच्या मुलाचा विचार थांबतो. वस्तू मुलाच्या हातात द्यावी, स्वतःच्या हातात धरून दाखवू नये. आणि उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण सरांना विचारू’ असे मोकळेपणाने म्हणावे. आईवडिलांसमोर विद्यापीठातला विद्यार्थी हे वाक्य सहजपणे म्हणतो, तेव्हा मुलाला न येण्याची जी भीती असते ती बरीच कमी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आईवडील फोटो काढत उभे राहतात, त्याचेही कारण आहे. त्यांना आपण कामच दिलेले नसते. त्यांच्यासाठी खुर्ची नसते, प्रश्न मुलालाच विचारला जातो आणि शाळेत विज्ञान आवडले नव्हते म्हणून तेही अंग चोरून उभे राहतात. वेळ मोजणे, अंदाज लिहिणे, भांडे धरणे असे एक काम प्रत्येक प्रयोगात मोठ्या माणसासाठी मुद्दाम ठेवा. वडिलांचा अंदाज चुकला आणि मुलीचा बरोबर आला की ते टेबल त्या कुटुंबाच्या कायम लक्षात राहते.

भाषेबाबत मी नियम करत नाही, सोय करतो. पाट्यांवर मराठी वर आणि मोठी, खाली हिंदी आणि इंग्रजी, आणि मजकूर अगदी थोडा. प्रत्येक स्वयंसेवकाच्या बिल्ल्यावर नावाखाली तो कोणत्या भाषांत बोलू शकतो हे लिहा. नेरूळ-वाशीसारख्या वस्तीत मल्याळम, तमिळ, गुजराती, पंजाबी बोलणारी कुटुंबे येतात आणि तुमच्या वर्गांतही या भाषा बोलणारे विद्यार्थी असतातच. मराठी माध्यमातल्या मुलाशी मात्र मराठीतच बोलले जाईल याची खात्री करा. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नापुढे हुशार मूल गप्प बसते आणि आपण त्याला समजले नाही असा अर्थ काढतो.

संशोधक सहकाऱ्यांना ‘तुमचे संशोधन सोपे करून सांगा’ असे सांगितले की ते वीस स्लाइडचे व्याख्यान तयार करतात किंवा नाही म्हणतात. त्यांच्याकडे वेगळी मागणी करा: रोजच्या कामातली एक वस्तू घेऊन या आणि तासभर एका टेबलाशी बसा, समोर दोन खुर्च्या रिकाम्या ठेवा. वनस्पतिशास्त्रज्ञाने दाबून वाळवलेल्या झाडाचा नमुना आणावा, रसायनशास्त्रज्ञाने ज्यातून रंग वेगळे होतात तो स्तंभ आणावा, गणितज्ञाने वही आणावी. लोक त्यांना कामाविषयी विचारतात तसेच ‘तुम्ही दिवसभर काय करता’ आणि ‘प्रयोग फसला तर काय होते’ हेही विचारतात, आणि या प्रश्नांची उत्तरे देताना अबोल माणसेही खुलतात. महोत्सवाला ज्या सहकाऱ्यांचा विरोध आहे त्यांच्या मागे लागू नका. जे येतात त्यांना पुरेसे पाणी, विसावा आणि वेळेवर जेवण द्या.

सुरक्षेबाबत तडजोड नको. द्रवरूप नायट्रोजन लोकांना फार आवडतो, पण तो उणे १९६ अंश सेल्सिअसला असतो आणि एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. त्यामुळे बंद खोलीत प्राणवायूचे प्रमाण घटते आणि झाकण घट्ट लावलेले भांडे फुटू शकते. तो फक्त मंचावर, मोकळ्या हवेत, प्रशिक्षित प्राध्यापकाच्या हाती आणि प्रेक्षकांपासून अंतर ठेवून वापरावा. त्यात बुडवलेला खाऊ मुलांना अजिबात देऊ नये. लेझर एक मिलीवॉटपेक्षा कमी शक्तीचे आणि पक्के बसवलेले असावेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट पाहण्याची वेळ येणार नाही अशीच मांडणी करावी आणि दुर्बिणीपाशी सतत एक माणूस उभा ठेवावा. अग्निशमन दल, पोलीस आणि ध्वनिक्षेपक यांच्या परवानग्या, रुग्णवाहिका, उतरत्या पायवाटा, वृद्धांसाठी खुर्च्या, हिरकणी कक्ष आणि हरवलेल्या मुलांसाठी ठरलेली जागा यांची यादी तुमच्या प्रशासनाला ठाऊक असेलच.

संध्याकाळी आकाशदर्शन ठेवायचे असेल तर तारीख ठरवतानाच पंचांग पाहा. आपल्या शहरांच्या उजेडात अंधुक तारे दिसत नाहीत, पण चंद्राला त्याचे काही वाटत नाही. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या सुमारास चंद्र सूर्यास्ताला आकाशात उंच असतो, त्यामुळे इमारती आड येत नाहीत, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या ठळक दिसतात. पौर्णिमेला त्या सावल्याच नसल्याने चंद्र सपाट दिसतो. दुर्बिणीजवळ मुलांसाठी एक भक्कम पाट किंवा ठेंगणे स्टूल हवे.

निघताना लोकांकडून ‘कार्यक्रम आवडला का’ असे भरून घेण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण उत्तर नेहमी हो असते. त्याऐवजी दाराशी एक पेटी आणि कोरी पोस्टकार्डे ठेवा, त्यावर प्रत्येकाने एक प्रश्न आणि आपला पत्ता लिहावा. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि स्वाक्षरीसह उत्तर देत, त्यावरूनच ही पद्धत मी घेतली आहे. आलेली पत्रे विभागांत वाटा आणि प्रत्येक पत्राला महिन्याभरात हाताने लिहिलेले उत्तर जाईल, ही जबाबदारी नाव घेऊन एका प्राध्यापकाकडे द्या. त्या प्रश्नांतून पुढच्या वर्षीची निम्मी टेबले तयार होतात आणि कोणत्या टेबलाशी लोकांचा गैरसमज झाला हेही कळते.

आखणीला लागण्याआधी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र इथे तुमचे चार-पाच विद्यार्थी पाठवा, आणि प्रदर्शनातल्या वस्तूंबरोबरच येणारी माणसे कुठे थांबतात हे त्यांना टिपून आणायला सांगा. तुमच्याकडे किती स्वयंसेवक आहेत, तळमजल्यावर कोणत्या प्रयोगशाळा आहेत आणि आवार साधारण केवढे आहे हे इथे लिहिलेत, तर टेबलांची विभागणी आणि पाळ्यांचे वेळापत्रक यांचा कच्चा आराखडा मी करून देईन.